न हलणाऱ्या फाइली

बातुमीत, चौथ्या मजल्यावर, भर मार्चात
आम्ही भावंडांनी एका डिस्कची वाटणी केली.
लॅपटॉप एकच, पैसे दोघांचे:
तोर्निकेचे बंदरावरच्या रात्रपाळीचे,
माझे शिकवण्यांचे.
त्याला विंडोज हवी, कस्टमचे फॉर्म
दुसऱ्या कशात उघडत नाहीत म्हणे.
मला लिनक्स, कारण आमच्या विभागात
सगळे त्यातच तारे मोजतात.

आईने विचारलं, मशीन कापणार का रे?
"कापत नाही गं, आत नुसती रेघ मारायची."
तरी तिने आंबट आलुबुखाराच्या चटणीची बाटली
टेबलावरून उचलून कपाटात ठेवली.

पाचशे जीबी. पडद्यावर एक लांब निळी पट्टी.
तिचं टोक मी माउसने धरून
डावीकडे सरकवत गेले.
"बास," तो तीनशेवर म्हणाला.
"अजून थोडं."
"बास म्हटलं ना."
तो थोरला, त्याचा वाटा मोठा.
मी धाकटी, बांध कोरण्यात पटाईत:
तो चहा ओतायला वळला
तेवढ्यात वीस जीबी माझ्याकडे आले.
आणखी ओढायला गेले तर पट्टी अडली.
पुढे न हलणाऱ्या फाइली आहेत, असं पडद्याने कळवलं.
"न हलणाऱ्या?" तोर्निके हसला,
"मग राहू दे. बसल्यात तर बसू देत."

बटण दाबलं, पट्टी आक्रसायला लागली
आणि वीज गेली.
बॅटरी एकोणीस टक्के. मधेच बंद पडलं
तर ना त्याचं राहणार, ना माझं.
तो तीन वायरी एकमेकींना जोडत खाली धावला,
गुलनाझीबाईंच्या बेकरीत जनरेटर आहे.
खिडकीतून मी पिवळी वायर सोडली,
समुद्राच्या वाऱ्यात ती हेलकावत गेली
आणि खालून त्याचा आवाज आला: "धरली!"
बारा टक्के.
चार मजले त्या वायरीवर आमचं सगळं लटकलं होतं.

मग सुरळीत झालं असं नाही.
वाटणीत घड्याळ वाटायचं राहिलं.
आत घड्याळ एकच, वाचणारे दोन:
माझी लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवी,
त्याची विंडोज तीच बातुमीची समजे.
सकाळी आठला त्याच्या पडद्यावर चार वाजले होते.
तो पुन्हा झोपला.
दिवसाचा पगार गेला, मुकादमाच्या शिव्या वेगळ्या.
तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.
चौथ्या दिवशी मी एक ओळ लिहून
माझ्या बाजूला बजावलं:
इथली वेळ ती आपली वेळ.
एकाच ओळीचं काम होतं,
तीन दिवस कसले लावले मी?

ऑगस्टात तो पोलंडला गेला, ट्रक चालवायला.
त्याच्याकडे किती वाजले असतील
ते आता मी तोंडी वजा करते,
उन्हाळ्यात दोन, हिवाळ्यात तीन.
माझी जागा भरली आहे.
एका तेजोमेघाची छायाचित्रं, दुसरं काही नाही.
"माझं पुसून टाक," तो फोनवर सांगतो,
मागे इंडिकेटर टकटक करत असतो.
"टाकते," मी म्हणते.

पुसण्याआधी एकदा त्याच्या बाजूला गेले.
कस्टमचे फॉर्म. अर्धवट सोडलेला फुटबॉलचा खेळ.
एक फोल्डर, नाव: आईला दाखवू नये.
मला वाटलं, असेल काहीतरी तसलं.
आत पोलिश भाषेचे धडे.
धडा पहिला: मी इथे नवीन आहे. मला काम हवं आहे.
तारीख मार्चची,
आम्ही रेघ मारली त्याच आठवड्यातली.

म्हणजे "बास" म्हणताना त्याला ठाऊक होतं.
म्हणजे चहाला तो बहुधा मुद्दामच वळला.

मशीन चालू केलं की दोन नावं येतात,
खाली दहापासून उलटे आकडे.
काही केलं नाही तर माझं उघडतं,
तसं त्यानेच लावून ठेवलंय.
काल मी पुन्हा ते टोक धरलं,
त्याच्या बाजूला ढकलत नेलं.
अकरा जीबी सुटले. मग पट्टी अडली.
मी जोर केला नाही.
अकरा पुरतील, पुढच्या ग्रहणापर्यंत तरी.